फवारणी करणाऱ्यांच्या डोळ्यात रसायन जातं ते नेमकं केव्हा, आणि ते कसं टाळायचं

एका पर्यवेक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या हाताखाली पाठीवरचे पंप आणि स्प्रे गन वापरून सफाईची रसायनं व जंतुनाशकं फवारणारी टोळी आहे. सगळ्यांना संरक्षक चष्मे दिले आहेत. तरीही अधूनमधून कुणाच्या तरी डोळ्यात रसायन जातंच. कुठला गॉगल घेतला म्हणजे हे थांबेल, असं ते विचारतात.

गॉगलबद्दल पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी एक काम करा. ज्यांच्या डोळ्यात रसायन गेलं त्या प्रत्येकाला शांतपणे, दोष न देता विचारा की त्या क्षणी तू काय करत होतास. फवारणीच्या कामांची सुरक्षा पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि ‘फवारत होतो’ हे उत्तर मला फार कमी वेळा मिळालं आहे. ‘कॅनमधून टाकीत ओतत होतो’, ‘नोझल तुंबलं होतं ते सोडवत होतो’, ‘पाइप काढत होतो’, ‘काम संपलं म्हणून गॉगल उतरवला’, ‘मी नाही, शेजारचा मारत होता’, अशी उत्तरं येतात. म्हणजे बहुतेक इजा ट्रिगर दाबलेला नसताना होतात, आणि नेमका त्याच वेळी माणूस सैल झालेला असतो, गॉगल कपाळावर गेलेला असतो. नुसता गॉगल बदलून हे थांबणार नाही.

सगळ्यात वाईट प्रसंग तुंबलेल्या नोझलचा, म्हणून तो नीट पाहू. फवारा एका बाजूला फाकतो किंवा नुसता ठिबकायला लागतो. कामगार पंप बंद करतो आणि गन चेहऱ्यासमोर आणतो, कारण छिद्र बारीक असतं आणि त्यात काय अडकलंय ते बघायचं असतं. गॉगलवर वाफ धरलेली, म्हणून तो वर सरकवतो. मग नोझलची टोपी फिरवू लागतो. पंप बंद असला तरी रबरी होज फुगलेलाच असतो आणि टाकीत दाबलेली हवा असते. टोपीचे शेवटचे आटे सुटताना तो कोंडलेला दाब एकदम मोकळा होतो आणि धार सरळ डोळ्यावर येते. त्या वेळी पापणी मिटायलाही सवड मिळत नाही.

यावर ‘आधी ट्रिगर दाबून दाब सोडा’ असं सांगितलं जातं. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. नोझल पूर्ण तुंबलं असेल तर ट्रिगर दाबून दाब सुटतच नाही, वाटच बंद आहे. म्हणून दाब टाकीच्या बाजूने सोडायचा: दाब सोडण्याचा व्हॉल्व्ह असेल तर तो उघडून, नसेल तर टाकीचं झाकण थोडं थोडं सैल करून, तोंड बाजूला ठेवून, हवेचा आवाज थांबेपर्यंत. पुष्कळ पंपांत मध्ये एकदिशा झडप असते, त्यामुळे टाकीतला दाब गेला तरी होजमध्ये दाब उरू शकतो. तेव्हा नोझल काढताना गन कमरेच्या खाली, टोक अंगापासून दूर, जोडावर जाड फडकं गुंडाळलेलं, आणि आटे सावकाश सोडायचे. हे सगळं गॉगल डोळ्यांवर असतानाच.

पाठीवरच्या हातपंपात दाब साधारण २ ते ४ बार असतो. एवढ्या दाबाची धारही डोळ्याला पुरेशी घातक आहे. रंगकामाच्या एअरलेस गनमध्ये मात्र तो २०० बारच्या आसपास जातो. ती धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आत रंग व द्रावक पसरलेला असतो. अशी जखम, मग ती बोटाची का असेना, त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायची. या गनच्या टोकात डोकावून पाहायचं नाही, आणि टोकासमोर बोटही धरायचं नाही.

सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाच्या खिशात दोन सुटी नोझल आणि एक गाळणी. तुंबलेलं नोझल जागेवर साफ करायचंच नाही. दाब सोडायचा, नोझल बदलायचं, जुनं पाण्याच्या डब्यात टाकायचं आणि दिवसाअखेरी मऊ ब्रशने धुवायचं. तार घालून छिद्र मोकळं केलं तर ते वाकडं होतं, मग फवारा भलतीकडे उडतो. तोंडाने फुंकणं तर कुठल्याही परिस्थितीत नको. आणि मुळात नोझल तुंबतं ते मिश्रणातल्या गाळामुळे, तेव्हा टाकीच्या तोंडावरची जाळी काढून ठेवलेली तर नाही ना, ते आज जाऊन बघा. भरायला वेळ लागतो म्हणून ती काढून ठेवणारे पुष्कळ असतात.

ओतणं ही दुसरी जागा. इथे रसायन मूळ तीव्रतेचं असतं, त्यामुळे एक थेंबही फवारलेल्या पातळ द्रावणापेक्षा जास्त घातक. वीस लिटरचा कॅन आपण सवयीने तोंड खालच्या बाजूला येईल असा कलता करतो. तोंड पूर्ण भरून द्रव बाहेर पडतो, आत हवा शिरायला जागा राहत नाही, मग हवा झटक्याने आत घुसते आणि कॅन गडगडून उसळी मारतो. त्या उसळीचे शिंतोडे चेहऱ्यापर्यंत येतात. कॅन उलटा धरा, म्हणजे तोंड वरच्या बाजूला येईल असा. वरून हवा आत जाते, खालून द्रव शांतपणे वाहतो. कामगारांना हे साध्या पाण्याने एकदा करून दाखवा. दोन्ही पद्धतींतला फरक दिसला की सांगावं लागत नाही. याहून चांगलं म्हणजे ओतायचंच नाही: कॅनला तोटी किंवा बॅरलवर हातपंप बसवायचा. टाकी जमिनीवर, ओतणाऱ्याचा चेहरा वर आणि दूर. छातीच्या उंचीवरच्या फळीवर ठेवून ओतणं बंद.

क्रम नेहमी आधी पाणी, मग रसायन. कॉस्टिक सोडा किंवा तीव्र आम्लावर पाणी ओतलं तर उष्णतेने ते जागच्या जागी उकळून उडतं. आणि ब्लीच व आम्लयुक्त क्लीनर एकाच टाकीत आले तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून आदल्या दिवशीची टाकी धुतल्याशिवाय दुसरं रसायन भरू नये.

तिसरी जागा, काम संपल्यावरची. गॉगलच्या वरच्या कडेवर, कपाळावर, टोपीच्या काठावर थेंब साचलेले असतात. माणूस ओल्या हातमोज्यानेच गॉगल पुढून धरून वर ओढतो आणि ते थेंब घामाबरोबर डोळ्यात उतरतात. हातमोजे घातलेल्या हाताने घाम पुसणं हेही तसंच. म्हणून आधी हातमोजे हातात असतानाच धुवायचे, मग चेहरा व गॉगल बाहेरून पाण्याने धुवायचा, मग हातमोजे काढायचे, हात धुवायचे, आणि शेवटी मान पुढे झुकवून, डोळे मिटून, गॉगलचा पट्टा मागून धरून पुढे काढायचा. कपाळावर घाम शोषणारी पट्टी असेल तर हात डोळ्याकडे जाण्याचं कारणच निम्मं कमी होतं. पट्ट्या रोज धुतलेल्या हव्यात.

आता रसायनांबद्दल थोडं, कारण ‘हे तर साधं साबणाचं पाणी’ या समजुतीने जास्त डोळे जातात. आम्ल डोळ्यात गेलं की कॉर्नियावरची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची) प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थराने आम्लाची पुढची वाट काहीशी अडते. अल्कलीचं तसं नाही. कॉस्टिक सोडा, अमोनिया, चुना, सिमेंटचं पाणी, ओव्हन व चिकटाच्या सफाईचे द्रव हे पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करतात आणि आत आत शिरत राहतात. डोळ्यात गेल्यावर अगदी थोड्या मिनिटांत ते कॉर्निया ओलांडून आतल्या पोकळीपर्यंत पोहोचू शकतात. ज्याचा पीएच २ किंवा त्याखाली, अथवा ११.५ किंवा त्यावर, ते डोळ्याला गंभीर इजा करणारं असं धरूनच चालायचं. पण फक्त पीएचवर विसंबू नका. बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी जंतुनाशकं तीव्र स्वरूपात कॉर्निया जाळतात, जरी त्यांचा पीएच साधा असला तरी. फायबरग्लासच्या स्प्रे गनमध्ये वापरलं जाणारं एमईकेपी हे पेरॉक्साइड डोळ्याला अत्यंत घातक. हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असलेले चाकं व धातू साफ करायचे द्रव आम्ल असूनही खोल शिरतात. पॅराक्वाट हे तणनाशक सुरुवातीला नुसतं चुरचुरतं आणि खरी इजा नंतर, कधी दुसऱ्या दिवशी वर येते. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं डोळ्यावाटे शरीरात शोषली जातात. बाहुली बारीक होणं आणि अंधुक दिसणं ही विषबाधेचीही खूण असू शकते, नुसत्या जळजळीची नव्हे.

प्रत्येक रसायनाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक येतं, सोळा भागांचं. सगळं वाचायला वेळ नसेल तर दुसरा भाग (धोके), चौथा (प्रथमोपचार) आणि आठवा (संरक्षक साधनं) वाचा. दुसऱ्या भागात एच३१८ किंवा एच३१४ हा संकेत दिसला तर ते रसायन डोळ्याला कायमची इजा करू शकतं. मग पहिला प्रश्न हा विचारायचा की याऐवजी सौम्य काही चालेल का? फवारण्याऐवजी ब्रशने लावता येईल का? बारीक धुक्याऐवजी फेस किंवा जाडसर थेंब चालतील का? बऱ्याच वेळा ‘चालेल’ असं उत्तर मिळतं, आणि मग गॉगलवरचा भार आपोआप हलका होतो.

तरीही गॉगल लागणारच. तुमच्याकडचे चष्मे, बाजूला पट्ट्या असल्या तरी, समोरून उडणाऱ्या कणांसाठी आहेत. द्रव वरून, खालून, गालाजवळून आत येतो. तुम्हाला हवा चेहऱ्याला चारही बाजूंनी घट्ट बसणारा, अप्रत्यक्ष हवाछिद्रांचा गॉगल. थेट छिद्रांचा नको, त्यातून थेंब सरळ आत येतात. अप्रत्यक्ष छिद्रांवर झाकण असल्याने हवा वळून आत जाते, थेंब बाहेर राहतो. चौकटीवरची खूण पाहा: युरोपीय मानक ईएन १६६ मध्ये ३ हा आकडा थेंबांसाठी, ४ जाड धुळीसाठी, ५ वायू व बारीक धुळीसाठी. अमेरिकी मानक झेड ८७.१ मध्ये त्यांच्याच जागी डी३, डी४, डी५. तुम्हाला किमान ३ किंवा डी३ हवा. आयसोसायनेट असलेला टू-पॅक (दोन भाग मिसळून वापरायचा) रंग किंवा पेरॅसिटिक आम्लाचं धुकं असेल तर छिद्रांचा गॉगल पुरत नाही. तिथे योग्य फिल्टरचा पूर्ण चेहऱ्याचा श्वसनमुखवटाच लागतो. फेस शील्ड ही गॉगलवरची भर आहे, गॉगलची जागा ती घेत नाही. तिच्या खालच्या कडेने शिंतोडे सहज वर येतात. तीव्र रसायन ओतताना मात्र दोन्ही हवीत.

गॉगल न वापरण्याचं खरं कारण आळस क्वचितच असतं. त्यावर वाफ धरते आणि दिसेनासं होतं. दिसलं नाही तर माणूस पडेल, त्यामुळे तो गॉगल वर सरकवतो, आणि कपाळावरच्या घामातलं व रसायनातलं जे काही असेल ते आतल्या बाजूला लागतं. पुन्हा खाली ओढला की ते सगळं डोळ्यासमोर बंदिस्त. म्हणून ‘गॉगल का काढलास’ म्हणून ओरडण्याआधी स्वतः तासभर तो घालून त्या उष्णतेत उभं राहा. ईएन १६६ मध्ये वाफरोधक काचेवर एन ही खूण असते, ती असलेलाच घ्या. आतली बाजू फडक्याने घासली की तो थर जातो. साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून, धुवून, हवेत वाळू द्यायचा. प्रत्येकाला स्वतःचा गॉगल, स्वतःच्या चेहऱ्याच्या मापाचा, आणि उष्ण दिवसांत एक जादा. वाफ धरली की फवारणीच्या जागेपासून दूर, स्वच्छ ठिकाणी जाऊन हात धुवून बदलायचा. त्या पाच मिनिटांची मजुरी कापली जाणार असेल तर हा नियम कागदावरच राहील. नंबरचा चष्मा असणाऱ्यांना चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याला तसं आधी सांगायला लावा, म्हणजे प्रसंग आला तर मदत करणाऱ्याला माहीत असेल.

फवारणी चालू असतानाचे धोके तुलनेने ठाऊक असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. वारा पाठीवर घ्यायचा. डोक्यावर फवारायचं असेल तर लांब लान्स (गनपुढची नळी), आणि स्वतः त्या जागेखाली उभं राहायचं नाही. कोपऱ्यात किंवा सपाट भिंतीवर जवळून सरळ मारलं तर रसायन उसळून परत येतं, तिरकं मारा. मदतनीस, पाइप धरणारा, शेजारून जाणारा यांनाही गॉगल. त्यांच्या डोळ्यांची आठवण सगळ्यात शेवटी येते. रोज काम सुरू करण्याआधी टाकीत साधं पाणी भरून दाब द्या आणि प्रत्येक जोड, वॉशर, झाकणाचं गास्केट बघा. गळत असेल तर पाणीच गळेल.

आता पाण्याकडे येतो. इथे मी जराही तडजोड करत नाही. रसायन डोळ्यात गेलं की दृष्टी वाचते की नाही, हे पहिल्या काही सेकंदांत पाणी मिळालं की नाही यावर फार मोठ्या प्रमाणात ठरतं. अमेरिकेच्या एएनएसआय झेड ३५८.१ या मानकानुसार डोळे धुण्याची सोय धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत पोहोचता येईल अशी हवी, मिनिटाला किमान १.५ लिटर पाणी सलग १५ मिनिटं देणारी, आणि पाणी कोमट, १६ ते ३८ अंश सेल्सिअस. गुणाकार केला तर २२.५ लिटर होतात. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली भिंतीला टांगून काम भागत नाही. ती बाटली मुख्य पाण्यापर्यंत पोहोचेपर्यंतची आहे. तुमची टोळी फिरती असेल तर तोटी लावलेला, पिण्यायोग्य पाण्याने भरलेला मोठा कॅन प्रत्येक टोळीबरोबर गेला पाहिजे, सावलीत ठेवलेला, रोज पाणी बदललेला, आणि त्याला दुसऱ्या कामासाठी कुणी हात लावायचा नाही. उन्हात तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं, तो धोका वेगळाच. कायमचं आयवॉश असेल तर आठवड्यातून एकदा चालू करून साचलेलं पाणी काढून टाका.

मग एक सराव करा. कामगाराचे डोळे फडक्याने बांधा आणि त्याला कामाच्या जागेपासून पाण्यापर्यंत जायला सांगा. डोळ्यात कॉस्टिक गेलेला माणूस आंधळ्यासारखाच असतो. वाटेत बादली, पायरी, बंद दार काय काय आडवं येतं ते तुम्हाला त्या एका फेरीत कळेल. कुलूप लावलेल्या खोलीतलं आयवॉश मी पाहिलं आहे, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे पाळीवरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रसंग घडलाच तर आधी पाणी, बाकी सगळं नंतर. त्याला एकट्याला सोडू नका. वेदनेमुळे पापण्या इतक्या घट्ट मिटतात की स्वतःला उघडता येत नाहीत. दुसऱ्याने स्वच्छ बोटांनी त्या उघड्या धराव्या लागतात. इजा झालेला डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करायचं आणि पाण्याची हलकी धार नाकाकडून बाहेर जाऊ द्यायची, म्हणजे धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. डोळा वर, खाली, दोन्हीकडे फिरवायला सांगायचं. चुना किंवा सिमेंटचे कण असतील तर ते वरच्या पापणीखाली दडून बसतात आणि जाळत राहतात, तिथे पाणी पोहोचलंच पाहिजे. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता निघते तशी काढायची, पण त्यासाठी धुणं थांबवायचं नाही. आम्लावर सोडा, अल्कलीवर व्हिनेगर हा प्रकार डोळ्यात कधीही करू नये. कुठलेही थेंब, मलम नको. डोळा चोळायचा नाही, बांधायचा नाही. किमान १५ मिनिटं सलग धुवा. अल्कली असेल तर त्याहून जास्त वेळ, आणि गाडीतही धुणं चालू ठेवता आलं तर ठेवा. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी रुग्णालयाला फोन करावा आणि रसायनाचं लेबल किंवा माहितीपत्रक बरोबर द्यावं. डोळ्याचा पीएच सामान्य होऊन तो धुणं थांबवल्यावरही तसाच टिकतो का, हे तिथे पट्टीने तपासतात.

‘आता दुखत नाही, बरं वाटतंय’ असं कामगार म्हणाला तरी त्याला पाठवायचंच. खोल इजेत कॉर्नियाची संवेदनाच मरते, त्यामुळे दुखणं कमी होतं. लाल डोळा पाहून आपण घाबरतो, पण बुबुळाभोवतीची कड पांढरीफटक पडली असेल तर ते जास्त गंभीर. तिथला रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि कॉर्नियावरचा थर पुन्हा तयार करणाऱ्या पेशी नेमक्या त्या कडेलाच असतात. त्या गेल्या तर डोळा वरून बरा झाला तरी पुढे तो धूसर होत जाऊ शकतो. नेत्रतज्ज्ञांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत त्या माणसाला फवारणीवर घेऊ नका आणि तेवढ्या दिवसांची त्याची मजुरी बुडू देऊ नका. मजुरी बुडते हे एकदा टोळीत कळलं की पुढचा माणूस डोळा चुरचुरत असूनही सांगणार नाही.